शत्रूने ठेवलेले नाव

मनुष्य आपले नाव आपण ठेवीत नाही. ते आईबाप ठेवतात. राष्ट्रांची आणि जमातींची गोष्ट याहून विचित्र आहे. त्यांची नावे पुष्कळदा शेजारी ठेवतात, आणि कित्येकदा तर शत्रू ठेवतात. सिंधू नदीवरून परक्यांनी दिलेले नाव आपण पिढ्यान्‌पिढ्या मिरवीत आलो आहोत. तेव्हा आपणांस या गोष्टीचे फारसे नवल वाटू नये. परंतु पूर्वसमुद्रातील फिलिपाइन्स द्वीपसमूहाइतका या प्रकाराचा ठळक दाखला आमच्या वाचनात दुसरा नाही. तेथे राष्ट्राचे नाव परक्या राजाचे, दक्षिणेकडील मुसलमानांचे नाव परक्या खंडातील वैऱ्याचे, आणि उत्तरेकडील डोंगरी लोकांचे नाव सखल प्रदेशातील शेजाऱ्यांनी दिलेले. ही नावे त्या त्या लोकांनी पुढे स्वाभिमानाने कशी धारण केली, याच्या पोटात तेथील राष्ट्रीयत्वाचा सगळा प्रश्न सामावलेला आहे.

१५४३ साली व्हिलालोबोस नावाच्या स्पॅनिश दर्यावर्दीने यांतील काही बेटांना युवराज फिलिप याचे नाव दिले. १५६५ साली लेगास्पी याने सेबू येथे ठाणे घातले व १५७१ साली मनिला घेतली. त्या वेळी मनिलाचा सत्ताधीश राजा सुलेमान हा मुसलमान होता, हे पुष्कळांस ठाऊक नसते. ग्रानादाचे शेवटचे मुसलमानी राज्य १४९२ साली जिंकून स्पेनला ऐंशीही वर्षे झाली नव्हती. आफ्रिकेतून आलेल्या ‘मूर’ लोकांशी झालेल्या शेकडो वर्षांच्या झुंजीची आठवण स्पॅनिश शिपायांच्या मनात ताजी होती. अर्धी पृथ्वी ओलांडून आल्यावर पुन्हा तोच धर्म दृष्टीस पडताच त्यांनी या लोकांसही ‘मोरो’ म्हणून टाकले. ज्यांनी बाप्तिस्मा घेतला ते ‘इंडिओ’ झाले. हे नाव कोलंबसाच्या चुकीतून, आपल्याच देशावरून निघालेले. आणि ‘फिलिपिनो’ हा शब्द? तो तर त्या बेटांत जन्मलेल्या गोऱ्या स्पॅनियार्डांसाठी राखून ठेवलेला होता.

पुढील तीन शतकांत या बेटांचे दोन भाग पडले. लुझोनच्या सखल भागात आणि मधल्या बिसाया बेटांत चर्चच्या घंटेच्या टापूत वसविलेली गावे, पाद्र्यांचा अंमल, कर आणि वेठबिगार यांचे राज्य बसले. दक्षिणेस सुलू आणि मागिंदानाव येथील सुलतानांनी हे जू मानेवर घेतले नाही. मागिंदानावचा सुलतान कुदरात याचे लामितान हे ठाणे १६३७ साली गव्हर्नर कॉर्क्वेरा याने घेतले, पण कुदरात हाती लागला नाही. आणि १६४५ साली स्पेनला त्याच्याशी तह करावा लागला. उत्तरेस लुझोनच्या पर्वतराजीत सोने आहे असे कळताच स्पॅनियार्डांनी सतराव्या शतकात स्वाऱ्या केल्या, परंतु तेथील इगोरोतांनी त्यांस टिकू दिले नाही. ‘इगोरोत’ याचा अर्थ ‘डोंगरातले लोक’ एवढाच. पण सखल भागातील माणसाच्या तोंडी त्या शब्दास ‘रानटी’ असा वास येऊ लागला.

या स्वातंत्र्याचे कोरे पोवाडे गाणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. सुलूकडील तांडे दरवर्षी बिसायाच्या किनाऱ्यावर उतरून माणसे धरून नेत व गुलाम म्हणून विकीत, हे खरे आहे. तसेच स्पॅनियार्ड ज्या फौजा घेऊन दक्षिणेवर चालून जात, त्यांत वल्ही मारणारे व पुष्कळसे लढणारे ख्रिस्ती इंडिओच असत, हेही खरे आहे. गावोगावच्या जत्रांतून ‘मोरो-मोरो’ नावाची नाटके होत. त्यांत शेवटी ख्रिस्ती राजपुत्राचा जय आणि मोरोचा पराजय किंवा बाप्तिस्मा ठरलेला असे. एकाच रक्ताच्या, सख्ख्या बहिणींप्रमाणे जुळणाऱ्या भाषा बोलणाऱ्या लोकांनी तीन शतके एकमेकांस असे ओळखले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंडिओंची शिकलेली मुले युरोपात गेली आणि तेथे फिलिपिनो राष्ट्र जन्मास आले. होसे रिझाल (१८६१–१८९६) हा त्यांचा मुकुटमणी. १८८७ साली माद्रिद येथे फिलिपाइन्सचे प्रदर्शन भरले. त्यात मालाबरोबर माणसेही मांडली होती. त्यांत इगोरोत होते, दक्षिणेकडील मुसलमान होते, आणि त्यांपैकी काहीजण तेथेच मरण पावले. रिझालने आपला ऑस्ट्रियन स्नेही ब्लूमेनट्रिट यास संतापाची पत्रे लिहिली. १८८९ साली पॅरिसात अमेरिकेतील आदिवासींचा खेळ पाहून त्याने आपल्या मित्रमंडळास ‘इंडिओस ब्राव्होस’, म्हणजे ‘शूर इंडिओ’, असे नाव दिले. शत्रूची शिवी उचलून तिचेच बिरुद करावयाचे, ही युक्ती तेथे प्रथम स्पष्ट दिसते. लवकरच ‘फिलिपिनो’ हा गोऱ्यांचा शब्दही त्यांनी असाच आपला करून घेतला.

परंतु या नावात कोण कोण बसत होते? १२ जून १८९८ रोजी आगिनाल्दो याने स्वातंत्र्याची घोषणा केली. १८९९ च्या जानेवारीत त्याने सुलूच्या सुलतानास बंधुत्वाचे पत्र धाडले. त्याचे उत्तर आले नाही. तत्पूर्वीच, डिसेंबर १८९८ च्या पॅरिसच्या तहाने, स्पेनने दोन कोटी डॉलर घेऊन सगळी बेटे अमेरिकेच्या हवाली केली होती. ज्या डोंगरांवर व ज्या सुलतानीवर स्पेनचा अंमल कधी नीट बसलाच नव्हता, तीही या विक्रीखतात आली. ऑगस्ट १८९९ मध्ये सुलूच्या सुलतानाने अमेरिकन सेनापती बेट्स याच्याशी वेगळा करार केला. उत्तरेकडे युद्ध चालू असेतो अमेरिकेस दक्षिणेची शांतता हवी होती. उत्तर निवताच १९०४ साली तिने तो करार मोडला.

आम्ही पुष्कळ वर्षे वर्गात हा इतिहास शिकविताना रिझालपासून आरंभ करीत असू आणि स्वातंत्र्यावर शेवट करीत असू. त्यात आमचे काय चुकत होते, हे इगोरोतांत आयुष्य काढलेल्या विल्यम हेन्री स्कॉट या इतिहासकाराचे लेखन वाचल्यावर आमच्या ध्यानात आले. त्याचे म्हणणे साधे आहे. अल्पसंख्य जमाती तेथे पहिल्यापासून नव्हत्या. त्या निर्माण झाल्या. ज्यांनी स्पेनपुढे मान तुकविली त्यांच्यात परस्पर साम्य वाढत गेले आणि ते बहुसंख्य ठरले. ज्यांनी तुकविली नाही ते जसे होते तसे राहिले, आणि तेवढ्यामुळेच ते ‘वेगळे’ ठरले. फिलिपिनो राष्ट्राची भावकी ही एका जोखडाखाली जमलेली भावकी होती. ज्यांच्या मानेवर त्या जोखडाचा वळ नव्हता, त्यांस भाऊ म्हणून ओळखावे तरी कोणत्या खुणेने?

अमेरिकनांनी या फरकावर शास्त्राचा शिक्का मारला. १९०१ साली ‘ख्रिस्तीतर जमाती’ पाहण्यासाठी त्यांनी स्वतंत्र खाते काढले. १९०३ च्या खानेसुमारीत सुमारे ७६ लाख लोकवस्तीपैकी सुमारे साडेसहा लाखांस ‘रानटी’ या सदरात घातले. १९०४ साली सेंट लुई येथील प्रदर्शनात हजारावर फिलिपिनो आणून मांडले, आणि इगोरोतांचे कुत्र्याचे मांस खाणे ही तेथील मोठी गंमत ठरली. माद्रिदचेच नाटक पुन्हा झाले, फक्त मालक बदलला. मार्च १९०६ मध्ये सुलूतील बुद दाहो या ज्वालामुखीच्या मुखात आश्रय घेतलेल्या मोरोंची बायकामुलांसकट कत्तल झाली. मेलेल्यांची संख्या सहाशेंच्या वर होती.

तथापि तरवारीपेक्षा कायद्याचे काम अधिक टिकाऊ असते. बेंगेत येथील मातेओ कारिन्यो नावाच्या इबालोई गृहस्थाकडे पिढीजात जमीन होती, पण स्पॅनिश सनद नव्हती. मनिलाच्या न्यायालयांनी त्याचा हक्क नाकारला. १९०९ साली वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होम्स यांनी निवाडा दिला की, मनुष्याच्या आठवणीपलीकडून जी जमीन कोणी स्वतःची म्हणून धारण केली आहे, ती कधीच सरकारी नव्हती असे धरले पाहिजे. निवाडा सोन्याच्या अक्षरांनी लिहावा असा. पण व्यवहार त्याच्या उलट चालला. १९१९ च्या कायद्याने ख्रिस्ती नागरिकास सरकारी जमिनीपैकी २४ हेक्टर मागता येत, तर ख्रिस्तीतरास १०. १९३६ साली हेच आकडे १६ आणि ४ झाले. त्याच १९१९ साली मिंदोरो बेटावरील मांग्यान लोकांस बळेच एका ठराविक जागी बसविण्याचा हुकूम मनिलाच्या सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. आणि ‘ख्रिस्तीतर’ हा शब्द धर्माचा वाचक नसून संस्कृतीच्या खालच्या पायरीचा वाचक आहे, असा त्याचा अर्थ लावला.

सरकारच्या उत्तेजनाने उत्तरेकडील भूमिहीन शेतकरी मिंदानावात उतरू लागले. त्यांचाही दोष कसा द्यावा? तेही पोटासाठीच आले होते. पण जेथे मोरो आणि इतर मूळचे लोक बहुसंख्य होते, तेथे ते दोन पिढ्यांत अल्पसंख्य झाले. १९३५ साली लानाव येथील दातूंनी, म्हणजे तेथील सरदारांनी, अमेरिकेच्या अध्यक्षांकडे अर्ज केला की, फिलिपिनोंस स्वातंत्र्य द्यावयाचे तर द्या, पण त्यात आम्हांस गोवू नका. १९४३ साली कार्लोस रोमुलो या नामांकित फिलिपिनो मुत्सद्द्याने आपल्या ग्रंथात, इगोरोत हे फिलिपिनो नव्हेत, असे लिहिले. एकीकडे ‘आम्ही तुमचे नव्हे’ आणि दुसरीकडे ‘तुम्ही आमचे नव्हे’. ४ जुलै १९४६ रोजी स्वतंत्र झालेल्या राष्ट्राच्या पायाखाली ही दोन वाक्ये पडलेली होती.

येथे कोणी अशी शंका घेईल की, मोरो हे तरी एक राष्ट्र कोठे होते? शंका रास्त आहे. तौसुग, मारानाव, मागिंदानाव या त्यांच्या निरनिराळ्या जमाती; त्यांचे सुलतान एकमेकांशीही लढत. त्यांस एक केले ते त्यांच्या दुःखाने. १९६८ साली कोरेगिदोर बेटावर लष्करी शिक्षणासाठी नेलेल्या मुसलमान तरुणांची त्यांच्याच सैन्याकडून हत्या झाली, आणि शिकलेल्या मोरो तरुणांची मने पेटली. फिलिपाइन्स विद्यापीठातील नूर मिसुआरी हा त्यांचा पुढारी झाला. १९७२ साली मार्कोस याने लष्करी कायदा पुकारल्यावर उघड युद्ध जुंपले. या तरुणांनी जे नाव घेतले ते ‘बांग्सामोरो’. यातील ‘बांग्सा’ हा मलायी शब्द आपल्या संस्कृतातील ‘वंश’ होय. ‘मोरो’ ही स्पॅनियार्डांची शिवी. रिझालने इंडिओ शब्दाचे जे केले, तेच रिझालच्या राष्ट्राविरुद्ध यांनी मोरो शब्दाचे केले. १९७६ चा त्रिपोलीचा करार, १९९६ चा समेट, २०१४ चा मोठा करार असे टप्पे होत होत २०१९ साली सार्वमताने बांग्सामोरो स्वायत्त प्रदेश स्थापन झाला. तोवर लाखाहून अधिक माणसे बळी पडली असे मानतात. आणि नियतीचा खेळ असा की, जेथे पहिली सुलतानी नांदली त्या सुलूनेच या सार्वमतात नकार दिला, व २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने सुलूस त्या प्रदेशातून वगळले.

इगोरोतांचा मार्ग निराळा. त्यांनी निराळे राज्य मागितले नाही, भूमी मागितली. चिको नदीवरील धरणांस विरोध करणारा कलिंगा पुढारी माक्लिइंग दुलाग यास एप्रिल १९८० मध्ये सैनिकांनी त्याच्या घरी ठार केले. पण धरणे झाली नाहीत. १९८७ च्या राज्यघटनेने देऊ केलेली स्वायत्तता पर्वतप्रांतातील लोकांनी १९९० व १९९८ अशा दोन्ही सार्वमतांत स्वीकारली नाही. १९९७ च्या कायद्याने मात्र वडिलोपार्जित भूमीचा हक्क मान्य झाला, आणि त्यामागे कारिन्योचा तो जुना निवाडा उभा होता.

या सर्वांत आमच्या मनास अधिक चटका लावून जाते ती मिंदानावातील मुसलमान नसलेल्या मूळ रहिवाशांची गोष्ट. जून १९८६ मध्ये त्यांच्या पंधरा जमातींचे प्रतिनिधी एकत्र जमले आणि त्यांनी आपणांस ‘लुमाद’ हे नाव घेतले. याचा अर्थ ‘या भूमीत उपजलेले’. पण हा शब्द सेबुआनो भाषेतला, म्हणजे त्यांची भूमी ज्यांनी घेतली त्या वसाहतवाल्यांच्या बोलीतला; कारण पंधरा जमातींस समजणारी दुसरी सामाईक भाषा उरलेली नव्हती! ‘आम्ही येथलेच’ हे सांगावयासही नंतर आलेल्याचीच जीभ उसनी घ्यावी लागावी, याहून इतिहासाचा कठोर विनोद तो कोणता? त्यांतील तेदुराय लोक आज बांग्सामोरो प्रदेशात राहतात, आणि काल मनिलापुढे मोरोंनी जे गाऱ्हाणे मांडले, तेच ते आता मोरोंपुढे मांडीत आहेत.

म्हणून आम्हांस वाटते ते एवढेच. परकीयाच्या जोखडाखाली राष्ट्रे जन्मतात, यात त्यांचा कमीपणा नाही. पुष्कळ राष्ट्रे अशीच जन्मली आहेत. पण जोखड गळून पडल्यावरही त्याचा वळ हीच बंधुत्वाची खूण मानीत राहिले, तर ज्यांच्या मानेवर तो वळ नाही ते घरातच परके होतात, आणि घरधन्याने नकळत कालच्या धन्याची खानेसुमारी पुढे चालविलेली असते. रिझालने शत्रूने ठेवलेले नाव घेऊन त्यात आपल्या लोकांस मान दिला. ते नाव आणखी किती जणांस पुरेल, याचा निकाल नाव घेणाऱ्यांच्या मनाच्या विस्तारावर अवलंबून आहे. आणि हा निकाल प्रत्येक पिढीस नव्याने द्यावा लागतो.