बैल जुंपलेली फोर्ड

वर्ध्याहून सेगावला जाणारी वाट पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात हरवून जाई. 30 एप्रिल 1936 रोजी गांधीजी त्या गावात राहायला गेले आणि आठेक किलोमीटरच्या त्या वाटेवर देशभरच्या पाहुण्यांची वर्दळ सुरू झाली. पुढे 1940 मध्ये सेगावचं सेवाग्राम झालं. त्या दिवसांत वर्ध्यात एक अजब वाहन होतं. जमनालाल बजाज यांच्याकडच्या फोर्ड मोटारीला चक्क बैल जुंपले जात. इंग्रजीत बैलाला ऑक्स म्हणतात, म्हणून तिला गमतीनं नाव पडलं ‘ऑक्स-फोर्ड’.

विजेच्या मोटारींच्या घराण्याची कुळकथा मी या गाडीपासून सुरू करतो, कारण तिनं एक गोष्ट उघडी करून दाखवली. गाडी म्हणजे दोन वेगळ्या वस्तू असतात: एक सांगाडा आणि दुसरी ओढ. आमच्याकडे बंडी आणि बैल वेगवेगळे विकत घेतात, तेव्हा हे सांगायची गरज पडत नाही. मोटार मात्र दोन्ही एकत्र विकते, आणि मग ओढ संपली की धडधाकट सांगाडाही भंगारात जातो.

योगायोग असा, की फोर्डच्याच घरात एक विजेची गाडी होती. हेन्री फोर्डनं 1908 पासून पेट्रोलची ‘मॉडेल टी’ जगभर पोचवली, पण त्याची पत्नी क्लारा 1914 ची ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ वापरायची. तेव्हाच्या पेट्रोल गाडीला पुढून दांडा घालून, गरगरा फिरवून चालू करावं लागे, आणि दांडा उलटा फिरला तर हात मोडे. विजेची गाडी बसल्याजागी निघायची. धूर नाही, धडधड नाही. पण 1912 मध्ये कॅडिलॅकनं विजेचा स्टार्टर आणला आणि दांडा हळूहळू गेला. म्हणजे बॅटरीनंच पेट्रोल गाडीची सर्वांत मोठी अडचण दूर केली आणि बॅटरीच्याच गाडीच्या मुळावर आली. डेट्रॉइट इलेक्ट्रिक 1939 पर्यंत कशीबशी तगली. सगळ्या मिळून तेराएक हजार निघाल्या. क्लाराबाईंची गाडी आज मिशिगनमधल्या डिअरबॉर्नच्या ‘द हेन्री फोर्ड’ संग्रहालयात आहे.

घराण्याची दुसरी शाखा जपानची. महायुद्धानंतर तिथं पेट्रोल दुर्मिळ होतं आणि वीज त्या मानानं हाताशी होती. 1947 मध्ये ‘तामा’ नावाची छोटी गाडी निघाली. वेग ताशी 35 किलोमीटर, एका चार्जिंगवर साधारण 65 किलोमीटर. तिची खुबी बॅटरीच्या पेट्यांत होती. गाडीच्या दोन्ही बाजूंनी त्या बाहेर ओढायच्या आणि भरलेल्या पेट्या आत सरकवायच्या; लांबच्या प्रवासात टप्प्यावर थकलेले बैल सोडून ताजे जुंपावेत तसं. कोरियाच्या युद्धात शिशाचे भाव चढले, पेट्रोल पुन्हा मिळू लागलं आणि तामा थांबली. ती बनवणारी कंपनी पुढं निस्सानमध्ये विलीन झाली. निस्साननं 2010 मध्ये एक तामा दुरुस्त करून पुन्हा चालती केली.

सर्वांत गाजलेला शेवट अमेरिकेतल्या ‘ईव्ही-1’चा. जनरल मोटर्सनं 1996 ते 1999 या काळात 1,117 गाड्या बनवल्या, पण विकल्या नाहीत. फक्त भाडेकरारानं दिल्या. करार संपताच त्या परत घेतल्या आणि बहुतेक चिरडून टाकल्या. चाळीसेक संग्रहालयांना आणि विद्यापीठांना दिल्या, त्याही बहुतेक चालू होणार नाहीत अशा करून. आमच्या वर्धा जिल्ह्यात सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा प्रसिद्ध आहे. पोरं लाकडी नंदी सजवून मिरवतात. शिंगं, वशिंड, झूल सगळं असतं. फक्त तो बैल पोरांनाच ओढावा लागतो. संग्रहालयातली ईव्ही-1 त्या नंदीच्या जातीची.

आपल्याकडची शाखा धाकटी. 1993 मध्ये केरळातल्या चालाकुडीच्या एडी करंट कंट्रोल्सनं ‘लव्हबर्ड’ ही दोन आसनी गाडी आणली. ती मोजक्याच लोकांपर्यंत पोचली. खरी वंशवेल सुरू झाली बंगळूरच्या ‘रेवा’पासून. चेतन मैनींची ही इवलीशी गाडी 2001 मध्ये रस्त्यावर आली आणि लंडनमध्ये ‘जी-विझ’ नावानं शहरी लोकांची लाडकी व चेष्टेचीही झाली. आत सहा व्होल्टच्या आठ शिसे-आम्ल बॅटऱ्या, घरातल्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर आठ तासांत पूर्ण भरणाऱ्या. कंपनीचा दावा 80 किलोमीटरचा. नागपूर ते वर्धा अंतर पंचाहत्तरच्या आसपास. म्हणजे कागदावर रेवा नागपूरहून वर्ध्याला पोचली असती, पण आल्या पावली परतली नसती. आणि विदर्भाचं ऊन हा शिसे-आम्ल बॅटरीचा जुना वैरी आहे.

2010 मध्ये महिंद्रानं रेवा घेतली. 2013 मध्ये लिथियम बॅटरीची ‘ई-टू-ओ’ आली, मग तिची चार दारांची धाकटी बहीण ‘ई-टू-ओ प्लस’. 26 मे 2017 रोजी नागपुरात ओलानं विजेच्या टॅक्सींचा प्रयोग सुरू केला. दोनशे वाहनांत शंभर ई-टू-ओ प्लस होत्या. देशातला असा पहिला मोठा प्रयोग संत्रानगरीत, याचं कौतुकही झालं. पण टॅक्सीवाल्याचा दिवस फेऱ्यांवर मोजला जातो. चार्जिंगच्या रांगेत गेलेला वेळ म्हणजे बुडालेली फेरी. वर्षभराच्या आतच काही चालक गाड्या परत करून डिझेलकडं वळू लागल्याच्या बातम्या आल्या. 2019 मध्ये ई-टू-ओ प्लसचं उत्पादन थांबलं.

आता उरलेल्यांकडं पाहा, तर कुळाचा क्रम उलटा झालेला दिसतो. रेवा थोरली आणि मागासलेली, पण तिची बॅटरी ज्या तंत्राची, ते तंत्र भारनियमनानं विदर्भातल्या प्रत्येक तालुक्याला शिकवलेलं: इन्व्हर्टरचं. अठ्ठेचाळीस व्होल्टची बेरीज कशी जमवायची, हे जाणणारा कारागीर गाठणं अवघड नाही. ई-टू-ओ धाकटी आणि हुशार. तिची बॅटरी तिच्या मापाची, तिच्या संगणकाशी बोलणारी, मोबाइलशी जोडलेली. कंपनीचा हात सुटला की अशा गाडीला दुसऱ्या कुणाची बॅटरी सहज जुंपता येत नाही. हुशारी वाढली तसं परावलंबनही वाढलं.

ऑक्स-फोर्डच्याच काळात वर्ध्यात, ग्रामोद्योग संघाच्या मगनवाडीत बसून गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा हाच हिशेब वेगळ्या शब्दांत मांडत होते: खाणीतून उपसलेल्या साठ्यावर उभी असलेली अर्थव्यवस्था तात्पुरती, आणि निसर्गाच्या चक्रातून पुन्हापुन्हा मिळणाऱ्यावर उभी असलेली टिकाऊ. ऑक्स-फोर्डचे बैल कडबा खात, आणि कडबा दरवर्षी शिवारातच उगवे. फोर्डचा सांगाडा वर्ध्याच्या चिखलात चालत राहिला तो या दुसऱ्या प्रकारच्या ओढीवर.

आता वर्ध्याच्या रस्त्यावरही विजेच्या गाड्या दिसू लागल्या आहेत, आणि त्या यायलाच हव्यात. पण बैलबाजारात आमचा शेतकरी बैलाचा रंग पाहून सौदा करत नाही. आधी जबडा उघडतो, दात मोजतो. विजेच्या गाडीचे दात तिच्या बॅटरीत असतात. कंपनीनं उद्या हे मॉडेल बंद केलं, तर दहा वर्षांनी हिला जुंपायला दुसरी बॅटरी कुठं मिळेल, एवढं विचारूनच विसार द्यावा.