चमकणाऱ्या सूक्ष्मकणांची कहाणी

उंबरमाळीच्या एखाद्या घरात लाडू करणाऱ्या आजीबाईंना विचारा. साखर तीच, पाणी तेच. पण पातेले चुलीवरून केव्हा उतरवले त्यावर पाक एकतारी होतो की गोळीबंद, हे ठरते. प्रकाश देणाऱ्या सूक्ष्म अर्धवाहक कणांचा इतिहास मला असाच पाकाचा इतिहास वाटतो. मिलिमीटरचे दहा लाख भाग करा. त्यांतला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. हे कण तसल्या काही भागांएवढे.

जुन्या घड्याळांच्या काट्यांवरचे ‘रेडियम’ आठवते ना? तिथे रेडियम नुसते डिवचण्याचे काम करी. उजेड पडे तो झिंक सल्फाइडचा. त्या भुकटीतले कण मोठे. कण पुरेसा लहान केला, तर पदार्थ तोच राहूनही त्याचे प्रकाशाशी वागणे पालटते. सोव्हिएत रशियात अलेक्सेई एकिमोव्ह यांनी १९८१ साली हे काचेत दाखवले. कॉपर क्लोराइड घातलेली काच त्यांनी ५०० ते ७०० अंश सेल्सिअसपर्यंत, कधी एक तास तर कधी ९६ तास तापवली. आच आणि वेळ बदलली, की आतल्या स्फटिकांचा आकार बदले. अमेरिकेत लुई ब्रूस यांचे कॅडमियम सल्फाइडचे कण तर द्रावणात नुसते ठेवल्याने ४.५ नॅनोमीटरवरून १२.५ नॅनोमीटरपर्यंत वाढले! ते साल १९८३. पुढे १९९३ मध्ये मौंगी बावेंडी यांनी तापलेल्या द्रवात घटक एकदम सोडून ही वाढ हुकमी केली. तिघांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

आता आपल्याकडे या. १९९५ साली पुणे विद्यापीठातील सुलभा कुलकर्णी व सहकाऱ्यांनी तेच घड्याळवाले झिंक सल्फाइड, मँगेनीज घालून, सूक्ष्मकणांच्या रूपात चक्क पाण्यात तयार केले. तांबे घातलेल्या कणांचा हिरवा प्रकाशही त्यांनी त्याच वर्षी नोंदवला. मँगेनीजचा उजेड नारिंगी.

कृती ऐकायला सोपी, बरं का. झिंकच्या क्षारात सल्फाइड पडले की पांढरा साका धरू लागतो. कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून थायोग्लिसरॉलसारखे द्रव्य घालतात. त्याचे कणाभोवती कवच बसते. ते कमी पडले तर कण वाढत जातात. पृष्ठभागावर दोष राहिले, तर उजेडाची ऊर्जा उष्णतेत जिरते. मँगेनीज बेताचे हवे. जास्त झाले की प्रकाश मंदावतो, आमटीत मीठ जास्त व्हावे तसेच.

नोबेलच्या गाजावाजात पुण्याची ही पाण्याची वाट फारशी कुणी आठवली नाही, हे मला खटकते. कॅडमियम विषारी, आणि बावेंडींच्या कृतीला ३०० अंशांच्या आसपास तापलेला द्रव लागतो. झिंक सल्फाइडचा कण मात्र साध्या चंचुपात्रात, खोलीच्या तपमानालाही तयार होतो आणि अतिनील दिव्याखाली धरला की नारिंगी उजळतो.