पिठाचा पांढरा, ट्यूबमधला पांढरा

तांदळाचं पीठ पाण्यात कालवून गेरूच्या भिंतीवर रेघ ओढली, तर सुरुवातीला ती धड दिसत नाही. भिंत पाणी पिते, रेघ वाळू लागते आणि मग हळूहळू पांढरी होते. आपण नेमकं काय काढलं हे काढणारीला जरा उशिराच कळतं. तोवर हात सवयीने पुढे गेलेला असतो. जुन्या ठाणे जिल्ह्याच्या जंगलपट्टीत, डहाणू, तलासरी, जव्हारच्या पाड्यांवर वारली बायका पिढ्यान्‌पिढ्या अशा रंगात लग्नाचा चौक लिहीत आल्या. आज ठाण्यातल्या दिवाणखान्यांत किंवा डोंबिवलीच्या सोसायट्यांच्या कुंपणभिंतींवर जी वारली चित्रं दिसतात, त्यांतला पांढरा मात्र बहुधा ट्यूबमधून किंवा डब्यातून आलेला असतो. या कलेचा गेल्या पन्नासेक वर्षांचा इतिहास या दोन पांढऱ्यांमध्ये आहे.

पहिल्या पांढऱ्याचं सगळं साहित्य हाताशी असायचं. कारवीच्या काठ्यांचा कुड, त्यावर शेणमातीचं सारवण, वर गेरूचा हात. गेरू म्हणजे लोहाच्या ऑक्साइडने लाल झालेली माती. तिचा रंग उन्हाने विटत नाही. पिठात कधी डिंक घालायचा. कुंचला म्हणजे बांबूची काडी, टोकाला चावून किंवा ठेचून मऊ केलेली. पिठाचे कण ओले असताना त्यांच्यामधल्या फटी पाण्याने भरलेल्या असतात, म्हणून प्रकाश बराचसा आरपार जातो. पाणी उडालं की त्या जागी हवा येते, प्रकाश कणांवरून विखुरतो आणि डोळ्याला पांढरं दिसतं. अशा रंगाला चिकटपणा बेताचाच. हात लागला, ओल आली, की तो सुटू लागतो.

त्याने टिकावं अशी अपेक्षाही नव्हती. चौक लग्नापुरता. सवाशिणींनी तो लिहायचा, मधोमध पालघट देवी मांडायची, शेजारच्या छोट्या देवचौकात पंचशिऱ्या देव, आणि गाणी म्हणत लग्न लावायचं ते धवलेरीने. धवलेरी ही बाई असते, हे मुद्दाम सांगायला हवं. लग्न उरकलं की चित्राचं काम संपलं. पुढे भिंत पुन्हा सारवली जाई. जुना चौक जपून ठेवावा असं कुणाला वाटायचं कारण नव्हतं, कारण पुढच्या लग्नाला नवा चौक लागणारच होता.

भिंतीवरच्या या चित्राला कागद मिळाला तो लांबच्या वाटेने. १९६६-६७ च्या दुष्काळात हस्तकलांच्या क्षेत्रात काम करणाऱ्या पुपुल जयकर यांनी भास्कर कुलकर्णी या चित्रकाराला बिहारमध्ये मधुबनीला धाडलं होतं. भिंतीवर चित्रं काढणाऱ्या बायकांच्या हाती कागद द्यायचा, म्हणजे चार पैसे मिळतील, असा हेतू होता. सत्तरच्या दशकात कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर पोचले, तेव्हा तोच कागद त्यांच्यासोबत इथेही आला. गंजाडजवळ कळंबीपाड्यावर त्यांना जिव्या सोमा मशे भेटले. लहानपणी आई गेल्यावर मशे कितीतरी काळ बोलेनासे झाले होते. सांगायचं ते मातीत चित्र काढून सांगत. चौक लिहिणं बायकांचं काम, पण या पुरुषाला सणासमारंभाची वाट पाहायची नव्हती; तो रोज काढत होता. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांची चित्रं लागली, १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ मध्ये पॅरिसच्या ‘मॅजिशियन द ला तेर’ या गाजलेल्या प्रदर्शनात ती जगभरच्या चित्रकारांच्या रांगेत होती. २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले.

पीठ कागदावर नीट बसत नाही. कागद दुमडला, गुंडाळला, की वाळलेल्या पिठाला तडे जातात आणि ते झडतं. विकायचं चित्र तर गुंडाळूनच न्यावं लागतं. इथे दुकानातला पांढरा पोस्टर कलर कामी आला. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत शाईपासून सुरू केलेल्या कॅमलिनचे रंग तोवर मराठी शाळांत रुळले होते; एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांना बसलेल्या कुणालाही त्या छोट्या बाटल्या आठवतील. पुढे याच कंपनीचा कारखाना तारापूरला, म्हणजे डहाणूच्या शेजारीच, उभा राहिला. पांढऱ्या रंगात सहसा टायटॅनियम डायऑक्साइड असतं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नॉर्वेत आणि अमेरिकेत त्याचं उत्पादन सुरू झालं. त्याची झाकण्याची ताकद इतकी, की एकाच पातळ हातात खालचा गेरू दिसेनासा होतो. ओला असतानाही तो पांढराच दिसतो, त्यामुळे रेघ ओढतानाच दिसते.

हा बदल वरवर किरकोळ वाटतो, पण चित्र त्यानेच पालटलं. मशे यांच्या मासेमारीच्या चित्रांतलं जाळं पाहावं. केसासारख्या रेघा, एकीवर दुसरी, शेकड्यांनी, आणि एकही फुटलेली नाही. ओल्या पिठाने भिंतीवर हे साधणं फार कठीण. रेघ बारीक झाली तसा चित्रात मजकूर मावू लागला: शेतातली कामं, मुंग्यांची वारुळं, तारपा वाद्याभोवतीचा फेर, ऐकलेल्या गोष्टी. मांडणीच्या चौकटीतून चित्र बाहेर पडलं आणि गोष्ट सांगू लागलं. त्यासोबत सवाशिणींच्या हातची कला बाजारात पुरुषांच्या नावाने ओळखली जाऊ लागली, हेही खरं. त्याची चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही.

नंतर अ‍ॅक्रेलिक आलं. पोस्टर कलर वाळल्यावरही पाण्याने विरघळतो, कारण त्याला धरून ठेवतो तो डिंकासारखा पदार्थ. अ‍ॅक्रेलिकमध्ये प्लास्टिकचे सूक्ष्म थेंब पाण्यात तरंगत असतात. पाणी उडालं की ते एकमेकांना चिकटून पापुद्रा धरतात आणि तो पुन्हा पाण्यात सुटत नाही. चित्रकारांसाठीचं असं पाण्यातलं अ‍ॅक्रेलिक अमेरिकेत १९५० च्या दशकात बाजारात आलं. मशे यांनी या नव्या पांढऱ्यासाठी जुनी जमीन सोडली नाही. कापडावर शेणाचा हात द्यायचा आणि त्यावर अ‍ॅक्रेलिकने काढायचं, अशी त्यांची कितीतरी चित्रं आहेत. हाच मेळ या कलेला सर्वांत शोभतो. शेणाच्या थरात गवताचे तंतू असतात, रंग एकसारखा नसतो, रेघ किंचित अडखळते आणि त्या अडखळण्यातच माणसं हलल्यासारखी वाटतात. तयार तपकिरी रंग फासलेल्या गुळगुळीत भिंतीवर तीच माणसं छापल्यासारखी उभी राहतात.

वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. डहाणूच्या आदिवासी युवा सेवा संघाने त्यासाठी पाठपुरावा केला होता. त्याच वर्षी १ ऑगस्टला पालघर जिल्हा वेगळा झाला आणि डहाणू-तलासरी ठाण्याच्या नकाशातून गेले. ठाणे-कल्याणकडच्या घरांत मात्र चित्रं येतच आहेत. त्यातलं एखादं शेणाने सारवलेल्या कापडावरचं असेल, तर ते बाहेरच्या ओल्या भिंतीवर लावू नये आणि पावसाळ्यात मागून वारा लागेल एवढी जागा सोडावी. शेणाला बुरशी धरते; रंग पिठाचा असेल, तर त्याला किडे लागतात. वरचा अ‍ॅक्रेलिकचा पांढरा शाबूत राहतो, पण खालची जमीनच सुटली की तोही तिच्यासोबत गळून पडतो.