जबड्यातून कानात : एका खोबणीची गोष्ट

आपल्या प्रत्येक कानात, पडद्याच्या आतल्या बाजूला, तीन चिमुकली हाडे साखळीसारखी जोडलेली आहेत. हातोडी, ऐरण आणि रिकीब ही त्यांची नावे शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेली असतात. पडद्याचे कंपन ती आतल्या कानापर्यंत पोचवतात. शाळेच्या पुस्तकात सहसा न येणारी गोष्ट अशी, की यांतली पहिली दोन हाडे आपल्या फार दूरच्या पूर्वजांच्या जबड्यात होती. जबड्याची उघडमीट त्यांच्याच सांध्यावर होत असे. पाल, सरडा, मगर यांच्या जबड्यात ती आजही तिथेच आहेत. हा प्रवास कसा झाला हे दगडातून वाचायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली, आणि त्याची सुरुवात एका भांडणातून झाली.

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळ स्टोन्सफिल्ड नावाचे खेडे आहे. घरांच्या छपरांसाठी लागणाऱ्या पातळ फरशा तिथल्या जमिनीखालून काढत. १८१२च्या सुमारास विल्यम ब्रॉडरिप या कायद्याच्या विद्यार्थ्याने तिथल्या एका पाथरवटाकडून दोन जबडे विकत घेतले. बोटाच्या पेराएवढे, दातांसकट दगडात रुतलेले. १८१८मध्ये फ्रान्सचे थोर शरीररचनाशास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए ऑक्सफर्डला आले असताना त्यांनी जबडा पाहिला आणि हा ऑपॉसमसारखा सस्तन प्राणी असल्याचे मत दिले. विल्यम बकलँड यांनी १८२४मध्ये मेगॅलोसॉरस या महाकाय सरीसृपाची माहिती प्रसिद्ध केली, त्याच निबंधात या जबड्यांचाही उल्लेख केला.

पंचाईत इथेच होती. सरीसृपांच्या युगात सस्तन प्राणी असणे तेव्हाच्या समजुतीत बसत नव्हते. जीवसृष्टी पायरीपायरीने चढत गेली, आधी मासे, मग सरीसृप आणि शेवटी सस्तन, असा अनेकांचा विश्वास होता. १८३८मध्ये क्युव्हिएंच्याच गादीवर आलेल्या द ब्लँव्हिल यांनी हा जबडा सस्तन प्राण्याचा असण्याबद्दल जाहीर शंका घेतली. मूळ नमुने त्यांनी पाहिले नव्हते. चित्रे आणि साचे यांवर त्यांची भिस्त होती. सस्तन प्राण्यांच्या खालच्या जबड्याची प्रत्येक बाजू एकाच हाडाची असते, सरीसृपांत ती अनेक हाडांची असते. या जबड्याच्या आतल्या बाजूला एक लांब रेघ दिसत होती. ब्लँव्हिल यांच्या मते तो दोन हाडांमधला जोड होता, म्हणजेच प्राणी सरीसृप होता.

रिचर्ड ओवेन यांनी त्याच वर्षी लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढे उत्तर दिले. जबडा एकाच हाडाचा आहे, दाढांना दोन दोन मुळे आहेत, आणि ती रेघ म्हणजे रक्तवाहिनीची खोबण आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. वादात ओवेन जिंकले आणि त्यांचा निर्णय बरोबरच होता. खोबणीचा प्रश्न मात्र मिटलेला नव्हता.

या वादाच्या एकच वर्ष आधी, १८३७मध्ये, कार्ल रायकर्ट या जर्मन अभ्यासकाने डुकराच्या गर्भांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. गर्भात कानाची हातोडी ही खालच्या जबड्याच्या कूर्चेच्या मागच्या टोकापासून घडते, असे त्याने दाखवले. या कूर्चेला मेकेलची कूर्चा म्हणतात. सरीसृपांच्या जबड्याच्या सांध्यात खाली आर्टिक्युलर आणि वर क्वाड्रेट अशी दोन हाडे असतात. त्यांपैकी आर्टिक्युलर म्हणजेच आपली हातोडी आणि क्वाड्रेट म्हणजे ऐरण, असा त्याचा अर्थ निघत होता. डार्विनचा ग्रंथ यायला अजून बावीस वर्षे होती.

यावर आक्षेप साधा पण जबर होता. जुना सांधा निखळून कानात जाईपर्यंत आणि नवा तयार होईपर्यंत मधल्या पिढ्यांनी खायचे कसे? बिजागरी काढून घेतली तर दार उभे कसे राहणार?

उत्तर वेल्समधून आले. ग्लॅमॉर्गन भागातल्या चुनखडीच्या भेगांत, फार पूर्वी वाहून आलेल्या मातीत, लहान हाडांचे आणि दातांचे असंख्य तुकडे साठलेले होते. वॉल्टर क्यूने यांनी १९४९मध्ये त्यातल्या एका प्राण्याला मॉर्गान्युकोडॉन असे नाव दिले. तो सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वीचा. पुढे केनेथ केरमॅक आणि सहकाऱ्यांनी सुटे तुकडे जुळवून १९७३मध्ये त्याच्या खालच्या जबड्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. त्यात जुना आणि नवा असे दोन्ही सांधे शेजारी शेजारी होते. नवी बिजागरी बसल्यावरच जुनी सुटत गेली. दार कधी पडलेच नाही. जुन्या सांध्याची हाडे इथे बारीक झालेली होती आणि जबड्याच्या आतल्या बाजूच्या पन्हळीत बसलेली होती.

आता स्टोन्सफिल्डच्या खोबणीचाही अर्थ लागतो. आद्य सस्तन प्राण्यांत जबड्याच्या आतल्या बाजूची ही खोबण म्हणजे मेकेलच्या कूर्चेची जागा. ओवेन यांचा निर्णय बरोबर, पण खोबणीचे स्पष्टीकरण चुकीचे. ब्लँव्हिल यांचा निर्णय चुकीचा, पण त्या रेघेत सरीसृपांसारख्या जुन्या जबड्याची खूण आहे हा वास अगदीच खोटा नव्हता. चीनमधल्या लियाओकोनोडॉनचा जीवाश्म २०११मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ही कूर्चा हाडासारखी टणक होऊन टिकलेली प्रत्यक्ष दिसली. कानाची हाडे जबड्यापासून सुटलेली होती, पण या कूर्चेच्या दोरीने त्याला अजून बांधलेली होती.

ही झाली परदेशची हकिगत. आपल्याकडे असा सबंध जबडा दुर्मीळ. इथला पुरावा मुख्यतः सुट्या दातांचा आहे. दातावरचे कवच शरीरातले सर्वांत कठीण, म्हणून हाडे विरली तरी दात उरतो, आणि दाढेच्या उंचवट्यांवरून प्राण्याचे कूळ ओळखता येते. सिरोंचाजवळ प्राणहितेच्या काठी असलेल्या कोटा गावावरून कोटा हे नाव पडलेल्या ज्युरासिक थरांतून १९८१मध्ये पी. एम. दत्ता यांनी कोटाथेरियमचा दात नोंदवला. १९८८मध्ये जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांनी आजच्या तेलंगणातील नासकल येथे, लाव्हाच्या थरांमधल्या गाळातून, भारतातला पहिला क्रिटेशस सस्तन प्राणी जाहीर केला. त्याचे नाव डेक्कनोलेस्टेस हिस्लोपी. पहिल्या शब्दाचा अर्थ ‘दख्खनचा लुटारू’. पेंढारी आठवावेत असे नाव, प्राणी मात्र चिचुंद्रीसारखा चिमुकला. दुसरा शब्द नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप यांच्या स्मरणार्थ आहे. या मिशनऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नागपूरच्या परिसरात लाव्हाच्या थरांमधले जीवाश्म गोळा केले होते. ज्यांच्या नावाचे कॉलेज नागपूरकरांना ठाऊक आहे, तेच हे हिस्लॉप.

दातावर भिस्त ठेवण्यात धोकाही आहे. मध्य प्रदेशातील टिकी येथील एका दाढेवरून २००५मध्ये टिकीथेरियम हा प्राणी जाहीर झाला. थराचे वय बावीस कोटी वर्षांहून अधिक मानलेले, त्यामुळे जगातल्या सर्वांत जुन्या सस्तनसदृश प्राण्यांत त्याची गणना होऊ लागली. २०२४मध्ये अव्हेरियानोव्ह आणि व्हॉयटा या अभ्यासकांनी दाखवले, की ही दाढ निओजीन काळातल्या, म्हणजे फार तर अडीच कोटी वर्षांच्या आतल्या, एका चिचुंद्रीची आहे. एका दाताबरोबर आपल्या अभिमानाचे वीस कोटी वर्षांचे गाठोडेही खाली ठेवावे लागते. ते ठेवणे जड जाते, पण १८३८मध्ये पॅरिसलाही ते जड गेलेच होते.

म्हणून दाताइतकीच त्याच्या जागेची नोंद मोलाची असते : कोणत्या थरातून, किती खोलीवरून, वरून पडलेला की खडकात रुतलेला. विदर्भात आणि मराठवाड्यात विहीर खणताना काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये कधीकधी राखाडी किंवा तांबूस गाळ लागतो, आणि तो बाजूला टाकून भर म्हणून वापरला जातो. नासकलचे दात अशाच गाळातून, तो पाण्यात भिजवून, बारीक चाळणीने चाळून आणि उरलेला कण न् कण सूक्ष्मदर्शकाखाली निवडून मिळाले. या कामाला मोठी यंत्रे लागत नाहीत. गाळ कुठे लागला हे लिहून ठेवणारा आणि निवडत बसण्याचा धीर असणारा माणूस लागतो.