हिशेब उघडा असावा

२०१० साली कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांचा एक निबंध गाजला. सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की विकासदर सरासरी उणे ०.१ टक्क्यावर येतो, असा त्यांचा हिशेब. सरकारी खर्चाला कात्री लावू पाहणाऱ्या युरोप-अमेरिकेतल्या राजकारण्यांनी तो उचलून धरला.

मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला थॉमस हर्नडन हा विद्यार्थी अभ्यासाचा भाग म्हणून हेच आकडे पुन्हा काढत होता. ते जुळेनात. त्याने लेखकांकडून एक्सेल फाइल मिळवली. सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी आल्याच नव्हत्या. शिवाय काही वर्षं गाळलेली, सरासरीची पद्धतही वादाची. २०१३ साली त्याने दोन प्राध्यापकांसह फेरमोजणी केली; उत्तर आलं अधिक २.२ टक्के. लेखकांनी एक्सेलमधली चूक मान्य केली, मूळ म्हणणं मात्र सोडलं नाही.

फाइल हाती आली म्हणून चूक सापडली. पण आकडेमोड करणारं सॉफ्टवेअरच कुलूपबंद असेल तर?

या प्रश्नाचं उत्तर आधीच तयार झालं होतं. १९७६ साली बेल लॅब्समध्ये जॉन चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी ‘एस’ ही संख्याशास्त्राची भाषा रचायला घेतली. पुढे ती बाजारात विकली जाऊ लागली. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांना विद्यार्थ्यांच्या मॅकिंटॉश लॅबसाठी धड सॉफ्टवेअर मिळेना. त्यांनी ‘एस’च्या वळणाची भाषा स्वतःच लिहिली. दोघांच्या नावाचं पहिलं अक्षर घेऊन ती झाली ‘आर’. मार्टिन मेख्लर यांच्या आग्रहावरून १९९५ साली ती जीपीएल परवान्याखाली मोकळी झाली.

इंग्रजीत एकाच शब्दात अडकलेले दोन अर्थ मराठीत सरळ वेगळे आहेत: फुकट आणि मुक्त. रिचर्ड स्टॉलमन यांना दुसरा हवा होता. त्यांच्या जीपीएलचा करार असा: वापरा, उघडून पाहा, बदला, वाटा, पण वाटताना पुढच्यालाही हेच हक्क द्या.

अर्थमितीतही हे घडलं. सॅन दिएगोचे प्राध्यापक रामू रामनाथन यांनी आपल्या प्रोग्रॅमचा कोड मुक्त केला. त्यावर ॲलिन कॉट्रेल यांनी ‘ग्रेटल’ उभारलं. आज ते कुणीही साध्या लॅपटॉपवर उतरवून घेऊ शकतं.

आणि हर्नडन? त्यांची फेरमोजणी ‘आर’मध्येच झाली, आणि कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला गेला. चूक काढणाऱ्याचा हिशेबही आता कुणीही तपासू शकतं.