लंडन-सिडनी हवाई मार्ग

इंग्लंडमधील लंडन व ऑस्ट्रेलियातील सिडनी यांना जोडणारा अतिदीर्घ हवाई मार्ग. पृथ्वीगोलावरील सर्वांत जवळच्या रेषेने या शहरांतील अंतर सु. १७,००० किमी. भरते, पृथ्वीचा अर्धा परिघ सु. २०,००० किमी. आहे. ही रेषा रशिया व चीन यांवरून जाते. परंतु इंधन, विमानतळ व राजकीय परवानग्या यांमुळे प्रत्यक्ष वाहतूक पश्चिम आशिया, भारतीय उपखंड व सिंगापूर यांमार्गे वाढली.

पहिल्या महायुद्धापूर्वी टपालबोटीने सुएझ कालव्यातून या प्रवासास सु. सहा आठवडे लागत. १९१९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या शासनाने इंग्लंडहून ३० दिवसांच्या आत विमानाने ऑस्ट्रेलियास पोहोचणाऱ्या पहिल्या ऑस्ट्रेलियन वैमानिकांस १०,००० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले. रॉस व कीथ स्मिथ हे बंधू दोन यंत्रज्ञांसह ‘व्हिकर्स व्हिमी’ विमानातून १२ नोव्हेंबर रोजी लंडनजवळील हाउन्सलोहून निघाले आणि कराची, दिल्ली, अलाहाबाद, कलकत्ता यांमार्गे १० डिसेंबर रोजी डार्विनला उतरले. सुराबाया येथे चिखलात रुतलेले विमान उडविण्यासाठी बांबूच्या चटया अंथराव्या लागल्या. याच स्पर्धेत अन्य विमानांतील चौघांना प्राण गमवावे लागले. स्मिथ बंधूंच्या सु. २८ दिवसांपैकी विमान हवेत होते ते केवळ सु. १३६ तास, बाकीचा काळ मुक्काम, इंधनभरणी व दुरुस्ती यांत गेला.

एप्रिल १९३५ मध्ये लंडन-ब्रिस्बेन प्रवासी सेवा सुरू झाली. तीस सु. साडेबारा दिवस लागत व पॅरिस ते ब्रिंडिसी हा टप्पा रेल्वेनेच करावा लागे. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर पडल्यावर (१९४२) हा मार्ग तुटला. १९४३–४५ मध्ये पर्थ व श्रीलंका (तत्कालीन सिलोन) यांदरम्यान कॅटलिना जातीची सागरी विमाने शत्रूच्या टेहळणीतून सु. २७ ते ३३ तास अखंड उडत. प्रवाशांना दोन सूर्योदय दिसत. १ डिसेंबर १९४७ रोजी क्वांटास कंपनीच्या कॉन्स्टेलेशन विमानाने डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो व त्रिपोली असे थांबे घेत सिडनी-लंडन सेवा सुरू केली. तीस चार दिवस लागत.

जेट विमानांनी वेग वाढविला. तथापि विनाथांबा उड्डाण ऑगस्ट १९८९ मध्ये साधले. बोइंग ७४७-४०० विमान लंडनहून सिडनीस २० तास ९ मिनिटांत पोहोचले. इंधन वाचविण्यासाठी ते धावपट्टीपर्यंत ओढून नेण्यात आले होते आणि त्यात तिकीटधारी प्रवासी नव्हते. मार्च २०१८ मध्ये पर्थ-लंडन ही नियमित विनाथांबा सेवा (सु. १७ तास) सुरू झाली. नोव्हेंबर २०१९ मधील लंडन-सिडनी संशोधन-उड्डाणास १९ तास १९ मिनिटे लागली.

शंभर वर्षांत हवेतील वेळ सु. सातपट घटला; एकूण प्रवासाचा काळ मात्र सु. पस्तीसपट घटला, तोही १९१९ चे उड्डाण डार्विनलाच संपले असता. यावरून या मार्गाचा इतिहास वेगवृद्धीपेक्षा थांबे गळण्याचा अधिक आहे, हे स्पष्ट होते. विमानांचा पल्ला वाढताच कलकत्ता व कराची यांचे या मार्गावरील ठाणी म्हणून असलेले महत्त्व ओसरले. दूरची शहरे जवळ आली, ती मधली शहरे प्रवाशांच्या दृष्टीआड होऊनच.