भात्यापासून हवेच्या टाकीपर्यंत

ज्या ज्ञातीच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या भट्टीपुढे बसून भाता ओढला, त्या ज्ञातीस वाऱ्याची ओळख नव्याने करून देण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. परंतु वारा तोच असला तरी त्याला बाळगण्याची रीत पालटली आहे. कातड्याचा भाता जेवढा वारा घेई तेवढा लगेच भट्टीत सोडून देई. शिल्लक काही राहत नसे. भात्याचे कातडे फाटले तर विस्तव मंदावे, लोखंडाला लाली येत नसे, फार तर दिवसाची मजुरी बुडे. आज आपल्या ज्ञातीतील अनेक तरुणांच्या गॅरेजात, फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये, रंगकामाच्या व पंक्चरच्या दुकानांत भात्याची जागा कॉम्प्रेसरने घेतली आहे. हे यंत्र वारा कोंडून ठेवते. मोटार बंद केली, दुकानाला कुलूप लावले, तरी टाकीतील शक्ती रात्रभर तशीच दबा धरून असते. या एका भेदातून कोणकोणती कर्तव्ये उत्पन्न होतात, ते इतिहासाच्या आधारे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

वाऱ्याला दाबले असता तो कसा वागतो, याचा नियम रॉबर्ट बॉईल या शास्त्रज्ञाने १६६२ साली प्रसिद्ध केला. उष्णमान कायम ठेवून दाब दुप्पट केला, की आकारमान निम्मे होते. शाळेत असताना हा नियम आम्ही मुलांकडून घोकून घेतला. परंतु त्याचा खरा उपयोग कारखानदारांनी केला. १७६० नंतरच्या दशकात जॉन स्मीटन या अभियंत्याने स्कॉटलंडमधील कॅरन येथील लोखंडाच्या कारखान्यात कातडी भात्यांऐवजी ओतीव लोखंडाचे पंचपात्रासारखे नळकांडे व त्यात खालीवर होणारा दट्ट्या बसविला. १७७६ साली जॉन विल्किन्सन याने अशा नळकांड्यास वॅटचे वाफेचे इंजिन जोडले. म्हणजे आजचा कॉम्प्रेसर हा एका अर्थाने लोहाराच्या भात्याचाच वंशज होय.

कोंडलेल्या वाऱ्याचे सामर्थ्य जगाला पटले ते आल्प्स पर्वतातील माँ सेनीच्या बोगद्यामुळे. फ्रान्स व इटली यांना जोडणाऱ्या सुमारे १३ किलोमीटर लांबीच्या या बोगद्याचे काम १८५७ साली सुरू झाले. आरंभी मजूर हातानेच सुरुंगाची भोके पाडीत. पुढे जेर्मां सोमेये या अभियंत्याने डोंगरातून येणाऱ्या पाण्याच्या बळाने हवा दाबून ती नळांवाटे आत नेली व १८६१ पासून तिच्यावर चालणारी छिद्रयंत्रे कामास लाविली. १८७१ साली बोगदा खुला झाला. याच सुमारास, १८५६ ते १८६३ या काळात, आपल्या बोरघाटात रेल्वेचा मार्ग तयार होत होता. तेथे मात्र कातळ फोडण्याचे काम मनुष्याच्या दंडांनी, पहारीने, घणाने आणि सुरुंगाच्या दारूने झाले व असंख्य मजूर त्यात कामी आले.

यानंतर १८८८ साली जॉन बॉईड डनलॉप याने हवेचा टायर काढला, विजेची मोटार आली, आणि जी हवा पूर्वी बोगद्यापुरती होती ती गल्लीबोळांत आली. आपल्याकडे १९५८ साली पुण्यात किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनी व १९६० साली कोईमतूर येथे एल्जी हा कारखाना निघाला. स्वदेशी कॉम्प्रेसर मिळू लागल्यावर लहान कारागिरालाही हे यंत्र आवाक्यात आले.

शक्ती जशी पसरली तशी तिच्यावर अंकुश ठेवणारी साधनेही निघाली. त्यातील सर्वांत जुने साधन आपल्या भगिनींच्या नित्य परिचयाचे आहे. प्रेशर कुकरचा पूर्वज म्हणता येईल असे भांडे डेनिस पापँ याने १६७९ साली लोकांपुढे मांडले. जादा वाफ आपोआप निघून जावी म्हणून अशा भांड्यास त्याने झडप योजिली. तीच सेफ्टी व्हॉल्वची जननी. आतील दाब डोळ्यांना दाखविणारे वाकड्या नळीचे गेज युजेन बूर्दों याने पॅरिस येथे १८४९ साली सिद्ध केले. ही दोन उपकरणे म्हणजे टाकीचे तोंड आणि नाडी होत. त्यांचा अनादर केल्यास काय होते, याचे उदाहरण १८३१ सालचे आहे. अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिना राज्यात ‘बेस्ट फ्रेंड ऑफ चार्ल्स्टन’ नावाचे रेल्वे इंजिन धावत असे. त्याच्या झडपेतून निघणाऱ्या वाफेच्या फूत्काराने आगवाला त्रासला व त्याने ती झडप दाबून बंद केली, असे सांगतात. बॉयलर फुटला आणि तो बिचारा प्राणास मुकला. आज सेफ्टी व्हॉल्व फुसफुसू लागला म्हणून त्याच्या जागी बोल्ट ठोकणारा कारागीर त्याच आगवाल्याच्या मार्गाने जात असतो. व्हॉल्व ओरडतो तेव्हा दोष व्हॉल्वमध्ये किंवा प्रेशर स्विचमध्ये शोधावा. त्याचा आवाज बंद करू नये.

टाकीवर किती भार असतो, याचा हिशेब मुलांनीही करून पाहावा. ४० सेंटिमीटर व्यासाच्या टाकीच्या टोकाचे क्षेत्रफळ सुमारे १,२५० चौरस सेंटिमीटर भरते. आत दर चौरस सेंटिमीटरला ८ किलो दाब असेल, तर त्या एका टोकावर १० टनांचा रेटा सतत असतो. पत्रा जाड व निरोगी आहे तोवर तो रेटा जाणवत नाही. परंतु या पत्र्यास आतून एक शत्रू असतो, तो म्हणजे पाणी.

हे पाणी कोठून येते? आपल्या हवेत, विशेषतः कोकणात व पावसाळ्यात, भरपूर बाष्प असते. ३० अंश उष्णमानाच्या दमट हवेत दर घनमीटरला सुमारे २४ ग्रॅम बाष्प धरले, आणि मिनिटाला २०० लिटर हवा ओढणारे यंत्र दिवसात चार तास चालले, तर ते ४८ घनमीटर हवा व तिच्याबरोबर एक किलोहून अधिक बाष्प आत घेते. दाबलेली हवा निवाली की त्यातील बहुतेक बाष्पाचे पाणी होऊन तळाशी साचते. बाहेरून रंग झळकत असतो आणि आतून गंज पत्रा खात असतो. यास्तव रोज काम संपताच टाकीखालचा ड्रेन कॉक उघडून पाणी काढून टाकणे, हा नियम देवापुढे दिवा लावण्याइतका अढळ असावा. गंजाने भोक पडलेल्या टाकीस गल्लीतील वेल्डिंगचे ठिगळ लावून पुन्हा हवा भरू नये. एक भोक पडले याचा अर्थ आसपासचा पत्राही पातळ झाला आहे. ती टाकी भंगारात द्यावी.

दुसरा शत्रू उष्णता. हवा दाबली की तापते. सेंट गॉथर्ड बोगद्याच्या कामात (१८७२ ते १८८२) जाँ दानियल कोलादों याने कॉम्प्रेसरच्या नळकांड्यात पाण्याचे तुषार सोडून ती थंड ठेविली. आपल्या लहान यंत्रांत हे काम पंखा व नळकांड्यावरील पाकळ्या करतात. त्यांवर धूळ व तेलाचा थर बसला की उष्णता कोंडते. भलतेच किंवा जळके तेल घातल्यास त्याचा कोळसा व्हॉल्वपाशी जमतो व कधी पेटही घेतो. म्हणून यंत्रास नेमलेलेच तेल घालावे, त्याची पातळी रोज पाहावी, आणि हवा ओढण्याचे फिल्टर आठवड्यास स्वच्छ करावे. पट्ट्यावरची जाळी काढून यंत्र चालवू नये. कोणताही नट सैल करण्यापूर्वी वीज तोडावी व गेजचा काटा शून्यावर आणावा.

तिसरी गोष्ट सांगताना मनाला क्लेश होतात. कपड्यांवरची धूळ झटकण्यासाठी हवेची नळी अंगावर धरणे, आणि थट्टेने ती सोबत्याच्या शरीरास लावणे, असे प्रकार कारखान्यांत घडतात. अशा थट्टेने आतडी फाटून तरुण मुले दगावल्याच्या बातम्या आपल्या वर्तमानपत्रांत आलेल्या आहेत. ही हवा डोळा फोडू शकते व जखमेतून रक्तातही शिरू शकते. अमेरिकेने १९७१ साली केलेल्या नियमात यंत्रे साफ करण्याच्या हवेचा दाबसुद्धा चौरस इंचास ३० पौंडांच्या आत ठेवण्याचे बंधन घातले. नव्या उमेदवारास हत्यारे हाती देण्यापूर्वी मालकाने ही एक ताकीद अवश्य द्यावी.

हे सर्व पाहण्यास सरकार नाही काय, असा प्रश्न येईल. ब्रिटनच्या १९३७ च्या कायद्यात हवेच्या टाकीसाठी स्वतंत्र कलम होते. आपल्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या ३१ व्या कलमानेही दाबाच्या यंत्रांत सुरक्षित मर्यादेपलीकडे दाब जाऊ नये, असे बंधन घातले होते. पण तो कायदा विजेवर चालणाऱ्या व सामान्यतः दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांस लागू होई. २०२० साली संसदेने संमत केलेल्या संहितेत ही संख्या वीस झाली. आपल्या ज्ञातीतील बहुसंख्य दुकाने बाप, दोन मुले व एखादा उमेदवार एवढ्यांचीच असतात. तेथे निरीक्षक येण्याची वाट पाहणे व्यर्थ आहे. त्या दुकानाचा निरीक्षक घरचाच माणूस असला पाहिजे.

त्याने वर्षातून एकदा जाणकाराकडून टाकी तपासून घ्यावी व दाबाची परीक्षा पाण्याने करवावी. पाणी दाबले तरी ते हवेसारखी शक्ती साठवून ठेवीत नाही. परीक्षेत टाकी फाटलीच तर पाणी गळून जाते, तुकडे उडत नाहीत. परीक्षेची तारीख टाकीवर रंगाने लिहावी. जुने यंत्र विकत घेताना रंग पाहून भुलू नये, ही तारीख विचारावी.

दसऱ्यास आपण ऐरण, घण व सांडशी यांसह कॉम्प्रेसरलाही झेंडूची माळ घालतो. ते योग्यच आहे. हत्याराविषयी आदर हा आपल्या ज्ञातीचा जुना संस्कार होय. मात्र माळ घालण्यापूर्वी टाकीचे पाणी काढलेले असावे, व्हॉल्व तपासलेला असावा आणि गेज चालू असावे. तसे झाले तरच ती खरी शस्त्रपूजा. ज्या घरांत संध्याकाळी दुकानातून परतणाऱ्यांची वाट पाहिली जाते, त्या प्रत्येक घरातील वडीलधाऱ्यांनी व माताभगिनींनी आपल्या माणसांस आजच एवढे विचारावे, की टाकीचे पाणी काढले का? इतकीच आमची नम्र विनंती आहे.